भिजलेलं इंजिन सुरू करू नये

बर्निस पार्डीने आयुष्यभर लोकांना एकच गोष्ट सांगितली: खरं सांगा आणि लवकर सांगा. विम्याच्या धंद्यात यापलीकडे अक्कल लागत नाही, असं तिचं मत होतं, आणि तरी इतकी साधी अक्कल टिल्ट आर्ममध्ये कोणाकडे नाही, असंही तिचं मत होतं.

टिल्ट आर्म म्हणजे न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरचं, एका चिंचोळ्या खाडीच्या काठावरचं गाव. कॉडची मासेमारी बंद पडली तशी तरुण माणसं आल्बर्टाला तेलाच्या कामावर निघून गेली. शाळेला कुलूप लागलं. मागे म्हातारी माणसं उरली, आणि दर म्हाताऱ्यामागे एक क्वाड उरली. मोटारसायकलसारखी टांग टाकून बसायची, चार फुगीर चाकांची गाडी. रस्ता लागत नाही, दगड चालतो, चिखल चालतो, बर्फ चालतो. सरपण आणायचं तर क्वाड, रानात मूस हे घोड्याएवढं हरीण मारलं तर ते ओढून आणायला क्वाड, प्रार्थनेला जायचं तरी क्वाडच. इथली माणसं बायकोपेक्षा क्वाडबद्दल जास्त बोलतात, आणि बायकाही त्याला हरकत घेत नाहीत, कारण त्यांच्याही स्वतःच्या क्वाड आहेत.

या सगळ्या गाड्यांचा विमा बर्निसच्या हातून झालेला. मास्तरीण व्हायचं म्हणून ती दोन वर्षं शहरात कॉलेजात होती. आई अंथरुणाला खिळली म्हणून परत आली. आई गेली तोवर शाळाच बंद व्हायला आली होती. मग तिने एका कंपनीची एजन्सी घेतली आणि घराच्या पडवीत टेबल टाकलं. लग्न झालं, नवरा गेला, टेबल तिथेच राहिलं. गावचा मेकॅनिक गॉवर म्हणायचा, "कॅथलिकांचं कन्फेशन बरं. तिथे शेवटी माफी तरी मिळते. बर्निसच्या पडवीत नुसतीच उलटतपासणी."

ते खोटं नव्हतं. एकदा एक पठ्ठ्या आला, तळ्यात क्वाड बुडवून. म्हणाला, "मावशी, घसरली."

"कुठे?"

"तळ्यात."

"काठावर की मधे?"

"मधे."

"मधोमध घसरली? तळं काय उतारावर आहे रे? बरोबर किती टाळकी होती बघायला?"

तो हसला आणि उठून गेला. मुद्दाम पाण्यात घातलेल्या गाडीला कंपनी छदाम देत नाही, हे त्याला माहीत होतं. अपघाताने पाण्यात गेली तर देते. आणि मग तिसरी गोष्ट, जी बर्निस प्रत्येकाला पॉलिसी हातात देताना बोट उगारून सांगायची: बुडालेली गाडी बाहेर काढा, ताडपत्री टाका, मला फोन करा, आणि किल्लीला हात लावू नका. "बुडालेल्या माणसासारखं असतं इंजिनाचं. आत पाणी असताना श्वास घ्यायला लावलात, तर पाणीच ओढून घेईल. मग आतला लोखंडी दांडा वाकतो, आणि तो पाण्याने नाही, तुमच्या उतावळेपणाने वाकलेला असतो. त्याचे पैसे मिळत नाहीत. कळलं? पुन्हा म्हणून दाखव." आणि ती खरोखरच म्हणून दाखवायला लावायची. सत्तरीची माणसं टोपी हातात धरून पाढे म्हटल्यासारखी म्हणायची: भिजलेलं इंजिन सुरू करू नये.

तिचा भाऊ सेल्बी तिच्याहून मोठा. तो गावात नव्हे, खाडीच्या पार टोकाशी, 'बॉटम' म्हणतात तिथे राहायचा. तिथे पूर्वी पाच-सहा घरं होती, आता एकच, बापाने बांधलेलं. रस्ता नाही. स्प्रूसच्या झाडांच्या रानातून, मग उघड्या माळावरून, मग ओढ्यावरच्या लाकडी पुलावरून एक क्वाडवाट गावात येते. सेल्बीचा डावा पाय साखरेनं गेला होता. घोट्याच्या वरून. लाकडी नव्हे, हल्लीचा प्लास्टिकचा पाय त्याला दिलेला होता, आणि तो त्याला 'भाडेकरू' म्हणायचा, कारण तो कधीच नीट बसत नसे आणि कुरकुर मात्र सतत करत असे. त्या पायाने त्याला अंगण ओलांडता यायचं. त्यापुढे क्वाड.

पाय गेला तेव्हाच त्याच्या मुलीने, रोवेनाने, आल्बर्टाहून फोनवर सांगितलं होतं की बाबा, आता शहरातल्या वृद्धाश्रमात जा. दवाखान्याची नर्सही तेच म्हणाली. शेवटी बर्निसने मध्ये पडून तोड काढली: सेल्बी जोवर स्वतःच्या जिवावर रस्त्यापर्यंत येऊ शकतो, तोवर त्याने बॉटमला राहावं. सगळ्यांनी मान डोलावली. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं की सेल्बीचं घर त्या क्वाडवर उभं आहे.

भाऊ-बहिणीत फार बोलणं नसे. तो दर शनिवारी तिच्यासाठी चुलीची बारीक लाकडं फोडून आणायचा, ती त्याला पाव द्यायची. "वजन कमी वाटतंय पावाचं," तो म्हणायचा. "तुझंही व्हायला हवंय," ती म्हणायची. झालं संभाषण.

नोव्हेंबरात मोठं वादळ झालं. ते ओसरल्यावर सेल्बी इन्सुलिन घ्यायला गावात निघाला. ओढ्यावरचा पूल खालून पोखरला गेला होता, वरून कळायला मार्ग नव्हता. मागच्या चाकाखालची फळी मोडली आणि गाडी आडवी होऊन, त्याच्यासकट, ओढ्यात. ओढा फुगलेला होता. सेल्बीने काठावरच्या झुडपाच्या फांद्या धरून ठेवल्या. सशांचे फास बघायला निघालेल्या गावातल्या क्लूनीला तो दिसला, तेव्हा त्याचे हात फांदीवरून सोडवावे लागले. बोटं उघडत नव्हती.

क्लूनीने त्याला बर्निसकडे आणलं. तिने त्याला चुलीजवळच्या कोचावर घातलं, असतील नसतील त्या सगळ्या गोधड्या टाकल्या, नर्सला बोलावलं. नर्स म्हणाली, जगेल, ऊब द्या. सेल्बीचे दात वाजत होते. दात वाजायचे थांबल्यावर तो पहिलं जे बोलला ते असं: "गाडी निघाली का?"

गाडी निघाली होती. पाणी उतरताच माणसांनी दोर लावून ती ओढून काढली आणि गॉवरच्या शेडमध्ये आणली. हा गॉवर सेल्बीबरोबर वीस वर्षं एका बोटीवर असलेला. शेड बर्निसच्या घरासमोरच, मध्ये फक्त रस्ता.

बर्निस चहाची किटली आणि पाव-काकवी घेऊन रस्ता ओलांडून गेली ती एक वाक्य तोंडात तयार ठेवून: हात लावू नका, ताडपत्री टाका, मी सकाळी फोन करते. या वाक्यासाठी तिला काही वेगळं धैर्य लागत नव्हतं. ते तिने शंभर वेळा म्हटलं होतं.

शेडमध्ये स्टोव्ह पेटलेला. सात-आठ माणसं, सगळी कमरेपर्यंत ओली, आणि कोणीही घरी कपडे बदलायला गेलेलं नाही. सीट उतरवलेली, प्लग काढून, इंजिन उलटंपालटं करून पाणी काढलेलं, प्लग परत बसवलेले, ऑइल दोनदा बदललेलं. क्लूनी बायकोचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन वायरींवर वारा घालत बसला होता आणि बाकीचे त्याला विचारत होते, की क्लूनीबाई, वेणी पण घालणार का? समुद्रातून, पाण्यातून वर काढलेली वस्तू या गावात कोणी तशीच पडू देत नाही. बोट असो, मेंढरू असो, माणूस असो. काढलं की लगेच हात लावायचा, चोळायचं, पुसायचं, उभं करायचं. हे कोणी कोणाला शिकवलेलं नाही. बर्निसही इथलीच. ती उभी राहिली, आणि ते तयार वाक्य काही तोंडातून बाहेर आलं नाही. तिने चहा ओतायला सुरुवात केली.

"आता बघू," गॉवर म्हणाला. त्याचे दोन्ही हात इंजिनात होते. क्लूनीच्या हातात ड्रायर, दुसऱ्याच्या हातात विजेरी, तिसऱ्याने बॅटरीची तार धरलेली. "बर्निस, तुझा हात मोकळा आहे ना? किल्ली फिरव."

तिने किटली खाली ठेवली आणि किल्ली फिरवली.

का फिरवली, हे तिने नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं. तिला उत्तर माहीत होतं, आणि ते तिला आवडत नव्हतं. रस्त्यापलीकडे कोचावर सेल्बी पडला होता. इंजिन सुरू झालं तर त्याला आवाज ऐकू जाईल, एवढंच त्या क्षणी तिच्या डोक्यात होतं.

इंजिन सुरू झालं. माणसं ओरडली, कोणी टोपी उडवली. मग आतून हातोडा घातल्यासारखा एक आवाज आला आणि सगळं थांबलं.

गॉवरने हळूच सीटखालची पेटी उघडली, जिच्यातून इंजिन हवा घेतं. ती पाण्याने भरलेली होती. घाईत ती उघडायची राहून गेली होती. तो पालथ्या बादलीवर बसला आणि हात पुसत राहिला, पुसून झालेले हात.

"माझी चूक," तो म्हणाला.

"किल्ली मी फिरवली," बर्निस म्हणाली.

"कोणी फिरवली?" क्लूनी म्हणाला. "मी तर काही बघितलं नाही. मी केस वाळवत होतो."

"क्लूनी, मी विम्याची एजंट आहे."

"म्हणूनच म्हणतोय."

सकाळी तिने कंपनीला फोन केला. पूल मोडला, गाडी ओढ्यात पडली, माणूस वाचला. सगळं खरं. इंजिन सुरू करून पाहिलं का, असं पलीकडच्या मुलीने विचारलं, तेव्हा बर्निस म्हणाली, सर्व्हेअर येऊन बघेलच. तीस वर्षांत तिने कंपनीला दिलेलं हे पहिलं अर्धं उत्तर.

सर्व्हेअर आला. नोजवर्दी नावाचा, जाडसर, सभ्य गृहस्थ, पायात नवेकोरे रबरी बूट. त्याने गॉवरकडून इंजिन उघडवून घेतलं आणि वाकलेला दांडा हातात घेऊन उजेडात धरला.

"पाण्याने हा वाकत नाही," तो म्हणाला. "सेल्फ मारलाय कोणीतरी. कोणी?"

शेडमध्ये तीच माणसं होती. एकाला त्या दिवशी पाठदुखी होती, तो आलाच नव्हता. दुसरा आला होता पण त्याच्या चष्म्यावर वाफ धरली होती. क्लूनी म्हणाला, "साहेब, आमच्याकडे त्या दिवशी इतकी गर्दी होती की कोणालाच काही दिसलं नाही."

नोजवर्दी हसला नाही, रागावलाही नाही. त्याने समजावून सांगितलं. हा अपघात आहे, यात वाद नाही. गाडी हात न लावता ठेवली असती तर कंपनीने खोलून, सुकवून, ठीक करून दिली असती. आता प्रश्न फक्त इंजिनाचा. मालकाने स्वतः सुरू केलं असेल, तर इंजिनाचं नुकसान त्याचं त्याने सोसायचं. पण मालकाला न विचारता दुसऱ्या कोणी सुरू केलं असेल, तर कंपनी मालकाला पूर्ण भरपाई देईल आणि त्या माणसाकडून वसूल करेल. "तर मला फक्त एक नाव हवंय," तो म्हणाला.

नाव त्याच्यासमोर उभं होतं. बर्निसने ठरवलं होतं की सेल्बीसमोर, स्वयंपाकघरात, रीतसर सांगायचं. वसूल करतील तर करोत. एजन्सी काढून घेतील तर घेवोत. तिने मनाशी हिशोब संपवलेला होता. ती नोजवर्दीला घरी घेऊन आली.

सेल्बी कोचावर उठून बसला होता, भाडेकरू बाजूला उभा करून ठेवलेला. ओव्हनमध्ये पाव होता. नोजवर्दीने टोपी काढली, तब्येत विचारली, आणि मग विचारलं: "मिस्टर स्किनर, गाडी पाण्यातून निघाल्यावर ती कोणी सुरू केली, तुम्हाला काही कल्पना?"

"मी," सेल्बी म्हणाला.

बर्निस ओव्हनपाशी होती. ती वळली.

"तुम्ही?"

"मीच. ओढ्यावरच. काढल्या काढल्या. किल्ली माझ्याच खिशात होती."

"पण नर्सच्या म्हणण्यानुसार तुम्ही गारठून…"

"त्याच्या आधी."

नोजवर्दीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बर्निसकडे. "मॅडम, तुम्हाला यातलं काही माहीत आहे?"

"तिला काय माहीत?" सेल्बी म्हणाला. "ती पाव भाजत होती. आत्तासारखी." आणि त्याने तिच्याकडे पाहिलं. लहानपणी बापाच्या बोटीचं वल्हं हरवलं होतं तेव्हा असंच पाहिलं होतं त्याने. मार त्याने खाल्ला होता, वल्हं तिने हरवलं होतं.

त्या खाडीतल्या निम्म्या लोकांना बर्निसने तोंडावर खोटारडं म्हटलेलं होतं. ते तिचं कामच होतं. पण परक्या माणसासमोर, आपल्याच स्वयंपाकघरात, एका पायाच्या भावाला खोटारडं म्हणायची वेळ आली तेव्हा तिची जीभ उचलेना. नोजवर्दीने सेल्बीचं म्हणणं लिहून घेतलं, सेल्बीने सही केली, बर्निसने पाहुण्याला गरम पावाचा तुकडा दिला आणि लोणी कुठे आहे ते सांगितलं. एवढंच ती बोलली.

तो गेल्यावर ती सेल्बीवर तुटून पडली. "कोणी सांगितलं तुला?"

"क्लूनीने."

"जळो त्या क्लूनीची जीभ. मूर्खा, मी भरले असते पैसे. नवी गाडी आली असती तुला."

"आणि तुझी एजन्सी?"

"गेली खड्ड्यात एजन्सी."

"मग लोकांनी कोणाकडे जायचं? शहरातल्या फोनवर एक दाबा, दोन दाबा करत बसायचं? म्हातारा हेडली बहिरा आहे, तो काय दाबणार?"

"तुझं घर जाईल, सेल्बी."

"घर कुठे जातंय. दुसरा पाव करपतोय बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नोजवर्दीला फोन लावला. भाऊ नव्हता समोर, तोंड आपोआप उघडलं. किल्ली मी फिरवली, माझ्या भावाला त्याचा पत्ताही नव्हता, वगैरे सगळं तिने एका दमात सांगितलं.

"मिसेस पार्डी," नोजवर्दी म्हणाला, "माझ्याकडे त्यांच्या सहीचा जबाब आहे. तो खोटा आहे असं तुम्ही म्हणताय. खोटा जबाब म्हटला की क्लेम तर जातोच, पॉलिसी रद्द होते. त्यांच्या घराचा विमाही आमच्याकडेच आहे, तोही रद्द होतो. आणि मग दुसरी कोणती कंपनी त्यांना दारात उभं करणार नाही. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल."

माहीत होतं. हे सगळं तीच लोकांना बोट उगारून सांगायची.

"मी आत्ता कॉफी ओतत होतो," तो म्हणाला. "तुम्ही काय म्हणालात ते नीट ऐकू आलं नाही. परत सांगायचंय का तुम्हाला?"

खरं सांगा आणि लवकर सांगा. यातलं 'लवकर' किती महत्त्वाचं असतं, ते तिला असं शिकायला मिळालं, सदुसष्टाव्या वर्षी.

"नाही," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

गाडी सुकवायचे तेवढे पैसे आले. इंजिनाचे आले नाहीत.

डिसेंबरभर गॉवर शेडमध्ये त्या गाडीला चिकटून होता. मोडीतल्या दुसऱ्या एका क्वाडचे भाग काढून त्याने इंजिन पुन्हा उभं केलं. नाताळच्या आधी गाडी चालू झाली; तोवर पूलही दुरुस्त झाला होता. गॉवर ती चालवत बर्निसच्या दारात घेऊन आला आणि किल्ली सेल्बीच्या हातात ठेवून निघून गेला.

बर्निसला इंजिनाची काळजी नव्हती. वायरींमध्ये, जोडांमध्ये पाणी बसलं होतं, ते ड्रायरने निघत नाही. ते आतून गंजत जातं आणि थंडीत दगा देतं. अशा किती गाड्या तिने पाहिल्या होत्या. तिने बँकेत जाऊन बचतीतले पैसे काढायची तयारी केली आणि सेल्बीला म्हणाली, "नवी घे. माझ्या पैशाने. उसने समज, भेट समज, दंड समज, काय वाटेल ते समज."

"आणि गॉवरला काय सांगू? महिनाभर राबलास ते फुकट, आता ही भंगारात घाल?"

"गॉवरचं मन दुखेल म्हणून तू त्या गाडीवर माळ ओलांडणार?"

"गाडी चांगली चालतेय, बर्निस."

"आत्ता चालतेय."

"आत्ताच तर जायचंय मला," तो म्हणाला आणि घरी गेला.

त्या घराण्यात कोणी ऐकत नाही. तीही नसे ऐकत.

फेब्रुवारीत, माळाच्या मधोमध, वाऱ्यात, गाडी बंद पडली. एकदम, दिवा विझल्यासारखी. सेल्बीने बराच वेळ किल्ली फिरवून पाहिली असणार, कारण बॅटरी पार उतरलेली होती. मग तो चालायला लागला. गावाकडे नव्हे, घराकडे, कारण घर जवळ होतं. भाडेकरू थोड्या अंतरावर बर्फात रुतून निघाला. तिथून पुढे तो रांगत गेला होता. बर्फात त्याचा माग स्पष्ट दिसत होता. बॉटमच्या धुराड्यातून धूर येत नाही असं क्लूनीला खाडीपलीकडून दिसलं म्हणून तो गेला, आणि या खेपेलाही सेल्बी त्यालाच सापडला, स्वतःच्या फाटकाशी, हात फाटकाच्या फळीला.

जगला. पण उजवा पाय काळा पडला होता, आणि साखरेच्या माणसाचा पाय एकदा काळा पडला की तो परत येत नाही. गुडघ्याखालून कापला. इस्पितळातून त्याला थेट शहरातल्या वृद्धाश्रमात नेलं. रोवेना विमानाने आली, कागदांवर सह्या केल्या, रडली, परत गेली. तिच्यावर कोणी रागावलं नाही. ठरलेलंच होतं तसं.

गॉवरने शेड बंद ठेवली बरेच दिवस. एकदा तो बर्निसच्या पडवीत येऊन बसला, टोपी गुडघ्यावर. "मी ती गाडी द्यायला नको होती," तो म्हणाला.

"नको होती," बर्निस म्हणाली. खोटं सांत्वन तिला कधी जमलं नाही. मग तिने त्याला चहा दिला, आणि तो पिऊन होईपर्यंत त्याच्याबरोबर बसून राहिली.

वसंतात खाडीतला बर्फ फुटला तेव्हा ती सेल्बीला भेटायला गेली. त्याची खाट खिडकीशी होती. खिडकीतून गाड्या लावायचं मैदान दिसायचं. त्याने तोंड तिकडे केलेलं होतं, पण तो ते बघत नव्हता. तिने खारवलेला कॉड डब्यात आणला होता. इथे मीठ चालत नाही, असं दारातल्या बाईने सांगून डबा काढून घेतला.

"बर्फ गेला का?" त्याने विचारलं.

"फुटलाय."

"घरच्या पाइपांतलं पाणी काढून टाकलंस ना? नाहीतर गोठून फुटतील."

"गॉवरने आणि मी तेव्हाच जाऊन काढलं. चूल साफ केली. अंथरूण गुंडाळून वर टांगलं, उंदरांनी कुरतडू नये म्हणून."

"बरं केलंस. मी परत गेल्यावर पहिलं धुराडं बघायला हवं."

बर्निसने खुर्ची खाटेजवळ ओढली. बोलायचं होतं त्यासाठीच ती आली होती.

"सेल्बी, घराच्या विम्याचं सांगायचंय. घर रिकामं आहे हे कंपनीला कळवावं लागतं. नाही कळवलं आणि उद्या आग लागली, छप्पर उडालं, तर ते काहीही देणार नाहीत. कळवलं तर हप्ता वाढवून, थोडंफार का होईना, चालू ठेवतील."

"मग रिकामं नाही म्हणून सांग. मी इथे थोडे दिवसांसाठी आलोय."

"ते विचारतील परत कधी येणार."

"उन्हाळ्यात म्हण."

"मी एकदा गप्प बसले," बर्निस म्हणाली. "माझ्याच स्वयंपाकघरात. त्याचं काय झालं ते तुझ्या पांघरुणाखाली आहे. दुसऱ्यांदा नाही."

त्याने पांघरुणाकडे पाहिलं. उजव्या बाजूला ते खाटेच्या मध्यापर्यंत उंच होतं आणि त्यापुढे सपाट. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खोकत होता, त्याचं खोकणं संपेपर्यंत दोघेही थांबले.

"तू परत येणार नाहीस, सेल्बी. तुला माहीत आहे."

"तू फार वाईट बाई आहेस."

"आहे."

"आईसुद्धा म्हणायची."

"आईला मी रोज औषध पाजत होते, तिला दुसरं काय म्हणायचं होतं."

तो हसल्यासारखा झाला, मग राहिला. बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं.

"बाहेर जाऊन फोन करशील ना," तो म्हणाला. "तसं करू नको. इथून कर. माझ्यासमोर. मला ऐकू दे काय सांगतेस ते."

तिने पिशवीतून फोन काढला. पलीकडे एक तरुण मुलगी होती, आवाजात उत्साह. बर्निसने पॉलिसीचा क्रमांक सांगितला, मालकाचं नाव सांगितलं, घर कुठे ते सांगितलं. घरात सध्या कोण राहतं? कोणी नाही. पाणी बंद केलंय? केलंय. मालक कुठे आहेत? वृद्धाश्रमात.

"ते पुन्हा तिथे राहायला जाणार आहेत का?" मुलीने विचारलं.

बर्निसने सेल्बीकडे पाहिलं. प्रश्न त्यालाही ऐकू गेला होता. तो छताकडे बघत होता. तसाच बघत त्याने उशीवर डोकं एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे हलवलं.

"नाही," बर्निस म्हणाली.